टाचदुखीवर काय केलंत? (आणि स्वयंपाकघरात चप्पल घालता का?)

खडूफळा | ५ जून
गेले सात महिने उजवी टाच दुखतेय. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की टाचेखाली कुणी खिळा ठोकावा तशी कळ येते. भिंतीला धरून, चवड्यावर चालत बेसिनपर्यंत जाते. दहा-पंधरा पावलं टाकली की दुखणं ओसरतं आणि वाटतं, चला, गेलं. मग मधल्या सुट्टीत वीस मिनिटं खुर्चीत बसून उठले की पुन्हा तेच. संध्याकाळचा ठणका आणखी वेगळा.

वय ४६, वजन ७१. प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणजे पाच तास उभी. आमच्याकडे वर्गाबाहेर चपला काढायची पद्धत आहे, मुलांनीही आणि बाईंनीही. आत शहाबादी फरशी. घरी चकचकीत टाइल्स आणि तिथेही अनवाणी, कारण देवघर स्वयंपाकघरातच आहे. सासूबाईंच्या राज्यात उंबऱ्याच्या आत चप्पल येत नाही.

एक्स-रे काढला. "हाड वाढलंय" म्हणाले. आठवडाभराच्या गोळ्या दिल्या, त्या चालू होत्या तोवर बरं होतं. आता सोमवारी बोलावलंय, टाचेत इंजेक्शन देऊ म्हणतात. कुणी घेतलंय का? उपयोग होतो का? आणि वाढलेलं हाड कापावं लागतं की काय? पुढच्या आठवड्यात शाळा सुरू होतेय, म्हणून जीव खालीवर होतोय.

तिरकसतात्या | ५ जून
हाडाच्या शिक्षिकेचं हाड वाढायचंच.
(हलके घ्या.)

खडूफळा | ५ जून
घेतलं हलके. वजन तेवढं हलकं होत नाहीये.

माजघर | ५ जून
बाई, इंजेक्शनच्या फंदात पडू नका. माझ्या आईचा उपाय सांगते. जुनी भाजकी वीट चुलीवर नाहीतर गॅसवर तापवायची, तिच्यावर रुईची दोन-तीन पानं ठेवायची, वर सुती फडकं आणि त्याच्यावर टाच टेकवायची. सोसवेल तेवढाच शेक घ्यायचा. रोज रात्री, एकवीस दिवस. तिची टाच गेली ती पुन्हा दुखली नाही.

तिरकसतात्या | ५ जून
"टाच गेली" हा शब्दप्रयोग जरा जपून हो.

माजघर | ५ जून
तात्या, टाच*दुखी* गेली. टाच शाबूत आहे, या बघायला.

पोटरी_ताणा | ६ जून
मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथून तपासता येत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचा. पण तुम्ही केलेलं वर्णन अगदी पुस्तकातलं आहे.

टाचेच्या हाडापासून पायाच्या बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. धनुष्याच्या दोरीसारखा तो पावलाची कमान धरून ठेवतो. झोपेत आपलं पाऊल खाली झुकलेलं असतं, म्हणून हा पट्टा आणि पोटरी दोन्ही रात्रभर आखडून पडतात. सकाळी एकदम सगळं वजन त्यावर पडलं की जिथे पट्टा टाचेला चिकटलेला असतो तिथे ताण बसतो. तीच तुमची खिळ्याची कळ. चाललं की पट्टा सैल होतो, बसून उठलं की पुन्हा पहिले पाढे.

आता "वाढलेलं हाड". एक्स-रेत टाचेखाली जो काट्यासारखा टोकदार भाग दिसतो त्याला स्पर म्हणतात. तो आपल्याला टोचत असेल असं वाटणं साहजिक आहे, पण आयुष्यात टाच कधी दुखली नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेतही तो दिसतो आणि टाच बरी झाल्यावरही तो जागच्या जागीच असतो. कापायचा विचार डोक्यातून काढून टाका. आणि हा पट्टा एक्स-रेत दिसतच नाही. बघायचाच झाला तर सोनोग्राफीत दिसतो, एरवी तो ४ मिलिमीटरच्या आत असतो, दुखऱ्या पायात जाड झालेला सापडतो. बहुतेक वेळा त्याचीही गरज लागत नाही, टाचेच्या आतल्या कडेला खालून अंगठा दाबला की माणूस ओरडतो, निदान झालं.

व्यायाम उद्या लिहितो, पेशंट आलाय.

बारा_गावचं_पाणी | ६ जून
मी घेतलंय इंजेक्शन. दोनदा.
एसटीत वाहक होतो मी, २२ वर्षं. चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडायची, ब्रेक लागला की सगळं वजन टाचेवर. पहिलं इंजेक्शन घेताना डोळ्यासमोर काजवे चमकले, पण तिसऱ्या दिवशी दुखणं गुल. दोन महिने असा चाललो की पोराच्या लग्नात वरातीत नाचलो. मग हळूहळू परत आलं. दुसरं घेतलं तर पंधरा दिवससुद्धा टिकलं नाही. तिसरं मागायला गेलो तेव्हा डॉक्टरच नको म्हणाले. टाचेखालची गादी झिजते म्हणाले आणि कधी कधी तो पट्टाच तुटतो. भला माणूस. नाहीतर मी घेतलंच असतं.
पहिलं घेतल्यावर मी व्यायाम केलाच नाही, दुखत नव्हतं तर कशाला करू? तिथेच चुकलं. दुखणं थांबलेल्या त्या दोन महिन्यांत पोटऱ्या ताणल्या असत्या तर कदाचित दुसरं लागलं नसतं.

पोटरी_ताणा | ६ जून
बारा_गाव काकांनी माझं निम्मं काम केलं. स्टिरॉइडचं इंजेक्शन वेदना लवकर कमी करतं, पण परिणाम थोडे आठवडे टिकतो. फारच असह्य असेल तर एखादं घेणं गैर नाही. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वर जाते, ते आधी सांगायला हवं. पण तुम्ही सात महिन्यांत एकदाही पोटरी ताणली नसेल तर आधी तेवढं करून बघा.

सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी: दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, हाताने पायाची बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपा, पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, आणि बराच वेळ बसून उठण्याआधी.

पोटरीसाठी भिंतीला हात टेकून उभं राहायचं, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा ताठ, आणि पुढे झुकायचं. मग तेच गुडघा किंचित वाकवून. दोन्ही करायचं, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि एकाच प्रकाराने दोन्ही ताणले जात नाहीत.

दोनेक आठवड्यांनी ताकदीचा व्यायाम. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभं राहायचं, बोटांखाली नॅपकिनची गुंडाळी. तीन सेकंदांत टाचा वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा. एक दिवसाआड. कठड्याला धरा. आधी दोन्ही पायांवर, मग एका. सोपं वाटायला लागलं की दप्तरात पुस्तकं भरून पाठीला लावा.

आणि धीर धरा. बहुतेकांना बरं वाटतं, पण आठवड्यात नाही, महिन्यांत.

खडूफळा | ६ जून
दप्तर घेऊन पायरीवर उभी राहिले तर मुलांना वाटेल बाईंना शिक्षा झालीय :) पण मनापासून धन्यवाद. हाड कापायला नको हे वाचूनच अर्धं दुखणं गेलं.

सुपारीचं_खांड | ७ जून
कोणीच बोलत नाहीये म्हणून बोलते. दोष हाडाचा नाही, फरशीचा आहे. आमच्या आजीच्या घरी शेणाने सारवलेली जमीन होती आणि ती उभ्याने स्वयंपाक करत नव्हती. बसून चूल, बसून भाकरी. आम्ही ओटा आणला, टाइल्स आणल्या आणि चार-चार तास अनवाणी दगडावर उभ्या राहतो. मी आठ वर्षांपासून स्वयंपाकघरात चप्पल घालते. घरातलीच, बाहेर कधी न गेलेली. टाचदुखी नाही. खडूफळा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या सासूबाईंकडे आहे.

उंबरठा | ७ जून
स्वयंपाकघरात अन्नपूर्णा असते. तिथे पायताण? मला नाही पटत. आमच्या तीन पिढ्या अनवाणी वावरल्या, कुणाला टाचदुखी झाली नाही.

सुपारीचं_खांड | ७ जून
झाली नाही की सांगितली नाही?

उंबरठा | ७ जून
ह्याला म्हणतात तळपायाची आग मस्तकाला जाणं. अहो, श्रद्धा असते एखाद्याची.

रविवारची_मिसळ | ७ जून
माझी आजी रोज संध्याकाळी "पाय गेले गं माझे" म्हणत पडायची आणि आम्ही नातवंडं तिच्या पायावर उभी राहून तुडवायचो. तेव्हा आम्हाला तो खेळ वाटायचा. आत्ता हे वाचताना डोक्यात प्रकाश पडला.

उंबरठा | ७ जून
...आमच्याकडेही तुडवायचो.

नेकारकाठ | ८ जून
जर्मनीतून लिहितोय. इथे उलटीच गंमत. घरात लाकडी जमीन, वर गालिचा, बाहेर जाड तळाचे बूट. दहा वर्षांत काही नाही. डिसेंबरात तीन आठवडे नाशिकला आलो, घरभर अनवाणी, दिवसभर पातळ स्लिपर, परत गेलो तो टाच घेऊनच. इथल्या डॉक्टरांनी कागदावर "आइनलागन" लिहून दिलं. म्हणजे बुटात घालायच्या, पायाच्या मापाने केलेल्या गाद्या. दुकानात फेसाच्या खोक्यात पाय दाबून ठसा घेतात. तीन महिन्यांत बरा झालो, पण पोटरीचे व्यायामही करत होतो, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं कळत नाही.
आता आईच्या घरी माझी एक जोडी कायम ठेवलेली असते. आई म्हणते, "जर्मनीत राहून पाय नाजूक झाले याचे."

रानमेवा | ८ जून
टाचेवर कोकमाचं तेल लावा. आमच्याकडे मुठेल म्हणतात, मुठीत दाबून मुटके करतात म्हणून. तव्यावर जरा वितळवायचं आणि रात्री झोपताना भरायचं. आठ दिवसांत टाच लोण्यासारखी.

पोटरी_ताणा | ८ जून
ते भेगांना, रानमेवाताई. इथे आतली टाच दुखतेय.

रानमेवा | ८ जून
अगो बाई. पण भेगांना खरंच छान आहे.

कुंदा_उपास | ८ जून
रानमेवा, हे मुठेल पुण्यात मिळेल का? आणि काशाच्या वाटीने तळपाय घासतात, त्याचं कुणी सांगेल का? माझ्याकडे आजीची वाटी आहे.

रानमेवा | ८ जून
कोकणी माल विकणाऱ्यांकडे विचारा, पांढुरक्या-करड्या रंगाचे लांबट गोळे असतात. वाटीला साजूक तूप लावून तळव्यावर गोल गोल घासायची. तूप काळं पडतं, लोक म्हणतात उष्णता निघाली. काशाचाच काळा असावा तो, पण झोप मात्र फर्मास लागते.

तिरकसतात्या | ८ जून
धागा टाचेवरून भेगेत गेला, भेगेतून वाटीत. आता वाटीवरून पुरणपोळीवर जाऊ द्या, तूप आहेच.

वैद्यबुवा_नाही_मी | ९ जून
सुश्रुतसंहितेत निदानस्थानात "वातकंटक" येतो. पाऊल वेडंवाकडं पडल्याने वात बिघडून होणारं दुखणं. कंटक म्हणजे काटा, एक्स-रे नसताना लोकांना जे जाणवत होतं त्याचंच नाव. आमचे वैद्य यावर अग्निकर्म करतात, तापवलेल्या धातूच्या शलाकेने टाचेवर बारीक ठिपके देतात. मी करून घेतलंय. चटका सोसेल इतका होता, चार बैठकांत बराच फरक पडला. व्यायाम केले नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. वजन मात्र त्याच काळात सहा किलो उतरलं होतं, तेव्हा... असो.

साखर_कमी_चहा | ९ जून
विटेबद्दल आणि चटक्यांबद्दल एक कळकळीची विनंती. मधुमेह असणाऱ्यांनी हे करू नका. माझ्या वडिलांना वीस वर्षांची साखर. टाच दुखते म्हणून कुणीतरी वीट सांगितली. त्यांना तळव्याला संवेदना कमी, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. "छान ऊब लागतेय" म्हणत पंधरा मिनिटं टेकवून बसले. उठले तेव्हा फडक्याला कातडी चिकटलेली. फोड, मग जखम, मग साडेचार महिने रोज ड्रेसिंग. पाय वाचला, पण एक वेळ अशी आली होती की आम्ही घरात एकमेकांशी बोलत नव्हतो.
विटेची उष्णता हाताने तपासा, पायाने नको. आणि साखर असेल तर वीट नकोच.

माजघर | ९ जून
हे मला लिहायला हवं होतं. आईला साखर नव्हती, म्हणून डोक्यात आलं नाही. माझ्या वरच्या प्रतिसादाखाली हे वाचावं सगळ्यांनी. शिवाय रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, पानं तोडल्यावर हात साबणाने धुवा.

तिरकसतात्या | ९ जून
आज विनोद नाही. काका आता कसे आहेत?

साखर_कमी_चहा | ९ जून
बरे आहेत. रात्री मी स्वतः आरसा धरून तळवे बघते त्यांचे. त्यांना लाज वाटते, मला वाटत नाही.

घाट_चढणारा | १० जून
मी वारी करतो, सातवं वर्ष आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. टाचेची परीक्षा पुणे-सासवडच्या दिवशी, जवळजवळ तीस किलोमीटर आणि त्यात दिवेघाट. चढताना काही वाटत नाही, सगळे माउलीच्या नादात असतात. मुक्कामी बसलं आणि पुन्हा उठायची वेळ आली की खरं कळतं.
पहिल्या वर्षी मी नवे कोरे बूट घालून गेलो होतो, जेजुरीपर्यंत वाट लागली. एका सत्तरीच्या माउलींनी बघितलं. त्या रबरी चप्पल घालून, तुळस डोक्यावर. म्हणाल्या, "बाळा, पायाला ओळखीचं घाल." वाटेत चपला फुकट शिवून देणारे चर्मकार बसलेले असतात, तेल लावून पाय चेपणारे असतात. एका दादांनी माझी टाच मांडीवर घेऊन अंगठ्याने अशी रगडली की मला रडू फुटलं, दुखण्याने का कशाने ते नाही सांगता येत.
आता दोन महिने आधीपासून चालण्याचा सराव करतो, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत. एकदम वाढवलं की टाच धरतेच.

पोटरी_ताणा | १० जून
माउलींचं वाक्य मी दवाखान्यात वापरणार.

सांधा_बदला | १० जून
जरा वेगळं लिहितो, कारण माझी दोन वर्षं वाया गेली. मी २६ वर्षांचा होतो. दोन्ही टाचा दुखायच्या. सगळ्यांनी सांगितलं बूट बदल, बर्फ लाव. बर्फाच्या बाटल्यांवर पाय फिरवून फिरवून कंटाळलो. कंबरही धरायची, पहाटे तीन-चारला जाग यायची, सकाळी तासभर वाकता यायचं नाही, आणि हिंडलं-फिरलं की मोकळं वाटायचं. मी ते वेगळं दुखणं समजत होतो, कंबरेसाठी वेगळा डॉक्टर, टाचेसाठी वेगळा. शेवटी एका संधिवाततज्ज्ञांनी दोन्ही एकत्र विचारलं. एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी करायला लावली, एमआरआय केला. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात निघाला. औषधं सुरू आहेत, आता बरा आहे, पण मणक्यात जे व्हायचं ते थोडं होऊन गेलं.
तरुण वय, दोन्ही टाचा, विश्रांतीने वाढणारी कंबरदुखी, असं एकत्र असेल तर चपलांच्या दुकानात जाण्याआधी संधिवाततज्ज्ञ गाठा.

पोटरी_ताणा | १० जून
अत्यंत महत्त्वाचा प्रतिसाद. याला जोडून: टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर जोरात दुखत असेल आणि चालणं अचानक खूप वाढवलेलं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, तिथे व्यायाम नको. तळव्याला मुंग्या, जळजळ असेल तर नस दबलेली असू शकते. टाचेच्या मागे, वरच्या बाजूला दुखत असेल तर ते पोटरी टाचेला जोडणाऱ्या कंडरेचं, त्याचे व्यायाम थोडे वेगळे.

कापशी_आठ_नंबर | १० जून
कोल्हापुरी घातली तर चालंल का ओ? आमच्यात दुसरं काय घालत न्हाईत.

पोटरी_ताणा | १० जून
लग्नाला घाला, दिवसभर नको. तळ सपाट आणि कडक, टाचेला गादी नाही. दुखणं असताना थोडी उंच टाच आणि मऊ तळ असलेलं पायात असावं. चप्पल घेताना दोन्ही टोकं धरून वाकवून बघा. बोटांपाशी वाकली तर ठीक, मधोमध पापडासारखी दुमडली तर ठेवून द्या. बाजारात "डॉक्टर चप्पल" म्हणून जे काही मिळतं ते सगळंच चांगलं नसतं, अंगठ्याने टाचेचा भाग दाबा, दबून हळू वर यायला हवा. एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा तळ मिळाला तर उत्तम.

कापशी_आठ_नंबर | १० जून
म्हंजे करकर वाजणार न्हाई. मग मजा काय.

खडूफळा | १३ जून
सोमवारी जाऊन आले. धीर करून विचारलं, "आधी सहा आठवडे व्यायाम करून बघू का?" मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "केलेत तर उत्तमच. बहुतेक लोक करत नाहीत म्हणून सांगायचं सोडलं." बाहेर आले आणि हसू आलं. मीही वर्गात असंच करते, गृहपाठ कुणी करत नाही म्हणून द्यायचं सोडते.

शाळेत मुख्याध्यापकांशी बोलले. वर्गात वेगळी चप्पल ठेवायला परवानगी दिली. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्हाला का चालतं आणि आम्हाला का नाही?" तिला टाच दाखवून समजावलं. तर ती म्हणे, "माझी पण दुखते." दुसरीतली आहे. तीन जणींच्या दुखायला लागल्या मग.

घरचा प्रश्न तसाच आहे.

सुपारीचं_खांड | १३ जून
ओट्यापुढे जाड काहीतरी अंथरा तोवर. मॅट, जुनी सतरंजी, काहीही. त्याला तर सोवळं आड येत नाही ना?

उंबरठा | १४ जून
मी सुचवते. आमच्याकडे जुन्या गोधडीची चौपट घडी करून शिवलेली आहे ओट्यापुढे. धुता येते, देवालाही चालते. पाणी सांडलं तर घसरत नाही ना ते बघा, खाली जाळीचं रबर घाला.

सुपारीचं_खांड | १४ जून
उंबरठाताई, पहिल्यांदा आपलं जुळलं.

लोकलची_तिसरी_सीट | ३ जुलै
धागा वर काढतेय. मला तर रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा पट्टा, नाइट स्प्लिंट, सांगितलाय. कुणी वापरलाय का? पहिल्या रात्री नवरा अंधारात त्याच्यावर आपटला आणि आता त्याचाही पाय दुखतोय.

पोटरी_ताणा | ३ जुलै
रात्रभर नाही जमलं तर दोन तास टीव्ही बघताना लावा. सकाळची कळ कमी होते त्याने. नवऱ्याला बर्फ.

बारा_गावचं_पाणी | ४ जुलै
पोटरीसाहेब, तुमचा पायरीचा व्यायाम चालू केलाय जूनपासून. डेपोत आता बसून काम, त्यामुळे वेळ मिळतो. पहिला आठवडा दुखणं जरा वाढलंच, सोडणार होतो.

पोटरी_ताणा | ४ जुलै
व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं तर चालतं. सकाळीही वाढलेलंच असेल तर आकडा कमी करा. सोडू मात्र नका.

खडूफळा | २१ सप्टेंबर
गौरी-गणपती झाले, आता निवांत लिहिते.

इंजेक्शन घेतलं नाही. जूनच्या शेवटी वाटलं होतं घ्यावं, कारण पावसात आठवडाभर व्यायाम बुडाले आणि टाचेने लगेच हिसका दाखवला. जुलैत पुन्हा नेटाने केले. आता सकाळी कळ येते ती "मी आहे हं इथे" एवढंच सांगण्यापुरती. चवड्यावर चालत बेसिनपर्यंत जाणं थांबलं. दप्तरात बालभारतीची चौदा पुस्तकं घालून पायरीवर उभी राहते. वजन ६९. (दोन किलोंचं अभिनंदन केलंत तर चालेल.)

आता घरचं. गोधडीची घडी जूनमध्येच घातली. सासूबाईंनी स्वतःचं जुनं नऊवारी दिलं त्यासाठी, "हे मऊ आहे" म्हणाल्या. गौरीच्या जेवणाच्या दिवशी पहाटे चारपासून आम्ही दोघी ओट्यापाशी. सोळा भाज्या, पुरण, घावन. दहा वाजता बघते तर त्या माझ्या घडीवर उभ्या आणि मी फरशीवर. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याच सरकल्या आणि म्हणाल्या, "ये इकडे, दोघी मावतो." तशाच उभ्या राहून उरलेलं पुरण वाटलं.

परवा मी शाळेतून आले, चप्पल दाराबाहेर काढत होते. त्या आतून म्हणाल्या, "ती शाळेतली मऊ आहे का गं? माझ्या मापाची मिळेल? घरात नाही हो, गच्चीत वाळवण घालायला जाते तेव्हा."

उंबरठा | २१ सप्टेंबर
गच्चीत चालते. तिथे देव नसतो.

सुपारीचं_खांड | २१ सप्टेंबर
गच्चीतून खाली यायला किती पायऱ्या आहेत?

खडूफळा | २१ सप्टेंबर
चौदा. मोजतेय मीही.

तिरकसतात्या | २१ सप्टेंबर
दोन किलोंचं अभिनंदन.

कुंदा_उपास | २२ सप्टेंबर
मला अजून मुठेल मिळालं नाही.